बाबांच्या नाताळच्या माळेला २४ व्होल्टचा अडॅप्टर शोधताना

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

उद्यापासून आगमनकाळ, म्हणजे नाताळची तयारी करण्याचा काळ सुरू. संध्याकाळी माळ्यावरून गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं खोकं खाली काढलं. पुतळे ठीक आहेत, एका मेंढराचा कान तुटलाय तेवढंच. बाबांची माळ लावून बघितली, एकही दिवा पेटला नाही.

माळ म्हणजे ८० एलईडींची, पिवळसर पांढरी, हिरव्या वायरची. बाबा जहाजावर होते तेव्हा २००८ साली हॅम्बुर्गहून आणलेली. आता बाबा नाहीत, पण दर डिसेंबरला आमच्या ओटीवर गोठ्याभोवती हीच माळ लागते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, बाजारात शंभर-दीडशेला नवीन मिळते." मिळते, पण ती सरळ २३० व्होल्टवर चालते. आमचा गोठा उघड्या ओटीवर असतो, रात्री दव पडतं, आणि गल्लीतली पोरं बाळ येशू बघायला येऊन हात लावल्याशिवाय जात नाहीत. बाबांच्या माळेत अडॅप्टरच्या पुढे फक्त २४ व्होल्ट. म्हणून नवीन माळ घ्यायची नाही, अडॅप्टर शोधायचा असं ठरवलं.

आधी दोष माळेत की अडॅप्टरमध्ये ते बघितलं. मल्टिमीटर अडॅप्टरच्या टोकाला लावला तर शून्य. प्लग काढून प्लगच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला, तर मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आत तार तुटलेली. बाहेर जाणाऱ्या दोन तारांमध्ये मात्र थोडे ओहम दिसले. दोष अडॅप्टरच्या प्रायमरी, म्हणजे सॉकेटकडच्या बाजूला, एवढं अर्ध्या तासात कळलं.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी चर्चमधून मिस्साहून आले तर अडॅप्टर जागेवर नाही. धाकट्या भावाने "बिघडलेलाच आहे ना" म्हणून भंगाराच्या पिशवीत टाकला होता. पिशवी ओतून परत काढला. हे मुद्दाम लिहितेय, कारण माळेचा कनेक्टर वेगळाच आहे, गोल, वरून रिंग फिरवून घट्ट करायचा, पाणी आत जाऊ नये म्हणून. तसा कनेक्टर मला पुढे कुठल्याच दुकानात मिळाला नाही. जुना अडॅप्टर मेला तरी त्याची वायर आणि कनेक्टर हेच सगळ्यात मोलाचं आहे. टाकू नका.

डबा स्क्रूचा नाही, चिकटवलेला. हॅक्सॉच्या पात्याने सांध्यावरून कापला. एक बाजू तपकिरी झालेली होती, आणि आत भाताच्या पेंढ्याचे दोन बारीक तुकडे चिकटलेले. तेव्हा आठवलं, गेल्या वर्षी वायर दिसू नये म्हणून मीच अडॅप्टर गोठ्याच्या पेंढ्यात खुपसून ठेवला होता. उष्णता बाहेर जायला वाटच नव्हती.

आत व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या पिवळ्या पट्टीखाली, प्रायमरीच्या वेटोळ्यांना टेकून एक थर्मल फ्यूज असतो, फार तापलं की वीज तोडणारा, भाताच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो गेला होता. एकदा गेला की परत जुळत नाही. तो गेला म्हणून माळ बंद पडली, आणि तो गेला म्हणूनच पेंढा पेटला नाही. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ हातातलं काम सोडून बसले होते.

नुसता थर्मल फ्यूज बदलला असता तर कदाचित काम झालं असतं. पण पट्टी ब्लेडने सोडवताना केसासारखी बारीक प्रायमरीची तार दोन जागी तुटली. घाई केली. पट्टी हेअर ड्रायरने थोडी गरम करून सावकाश सोलायला हवी होती. तो फ्यूज काढून तिथे साधी तार जोडायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. गवताशेजारी ठेवायच्या वस्तूत तर मुळीच नाही.

दोन तास गेले.

३ डिसेंबर, मंगळवार

घराजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. "२४ व्होल्टचा अडॅप्टर द्या." त्यांनी लगेच समोर ठेवला, पाण्याच्या आरओ मशीनला असतो तो, २४ व्होल्ट, अडीच अँपिअर. ३८० रुपये. व्होल्ट जुळले, अँपिअर भरपूर, मला वाटलं झालं काम.

घरी येऊन आरओच्या अडॅप्टरचं टोक कापलं, जुन्या कनेक्टरची वायर जोडली, पट्टी गुंडाळली, लावला. पहिले आठ दिवे पेटले, पुढचे आठ काळे. मग परत आठ पेटलेले, आठ काळे. शेवटपर्यंत असंच. आणि जे पेटले तेही मंद, समईच्या वाती संपत आल्यावर दिसतात तसे.

दोन तारांची अदलाबदल केली, तर आधी काळे असलेले पेटले आणि पेटलेले विझले. त्यातही एक आठाचा गट दोन्ही वेळा काळाच राहिला. तो वहीत लिहून ठेवला: कनेक्टरपासून सातवा.

रात्री जेवण झाल्यावर जुन्या डब्यावरचं लेबल टॉर्च धरून नीट वाचलं. 'सेकंडरी (म्हणजे माळेकडची बाजू) २४ व्होल्ट' आणि त्याच्यापुढे एक नागमोडी रेघ. मग '६ व्हीए', म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ती नागमोडी रेघ म्हणजे एसी. आरओच्या अडॅप्टरवर त्याच जागी एक सरळ रेघ आहे आणि तिच्याखाली तुटक रेघ, म्हणजे डीसी. दुकानात दोन्ही शेजारी धरून बघितले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं.

माळेतले अर्धे गट एका दिशेने जोडलेले आहेत, अर्धे उलट्या. एसी सेकंदाला पन्नास वेळा आलटून पालटून येतो, त्यामुळे आळीपाळीने दोन्ही पेटतात आणि डोळ्याला सगळी माळ पेटलेली दिसते. डीसी एकाच दिशेने जातो, म्हणून अर्धीच. मंद का, तेही नंतर सुटलं. पांढऱ्या एलईडीला जवळजवळ ३ व्होल्ट लागतात, ओळीत आठ म्हणजे २४. डीसीचे २४ तिथेच संपतात. एसीचे २४ मात्र लाटेच्या टोकाला ३४ च्या आसपास जातात, तेवढी जागा करंट आवरणाऱ्या रेझिस्टरसाठी आणि उजेडासाठी उरते.

तुमची माळही एका अडॅप्टरवर अर्धीच पेटत असेल तर ती बिघडली म्हणून टाकू नका. आधी तारा उलट करून बघा. दुसरी अर्धी पेटली तर माळ चांगली आहे आणि तिला एसी हवा आहे.

दुकानदाराने अडॅप्टर परत घेतला नाही. वायर मी कापली होती, त्याचं चूक नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

२४ व्होल्ट एसीचा तयार अडॅप्टर वसईत तीन दुकानांत विचारला. दोघांनी परत आरओचाच पुढे केला. तिसऱ्याने सांगितलं, "मॅडम, लॅमिंग्टन रोडला जा." म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

ऑफिस चर्चगेटला. सुटल्यावर मुंबई सेंट्रलला उतरले आणि चालत गेले. दुकानं आठच्या सुमारास शटर ओढायला लागतात, त्यामुळे सव्वासहाला निघाले तरी घाईच झाली. पहिल्याच काउंटरवरच्या शेठनी विचारलं, "एसी पाहिजे की डीसी?" वसईत कोणी हे विचारलंच नव्हतं. "एसी" म्हटल्यावर ते म्हणाले, बंद डब्यातला नाही मिळणार, सुटा ट्रान्सफॉर्मर घ्या, बारा-झिरो-बारा. दोन्ही टोकांच्या तारा घेतल्या की चोवीस, मधली सोडून द्यायची.

त्यांच्याकडे ५०० मिलिअँपिअरचा संपला होता, १ अँपिअरचा होता. तो घेतला. माझ्या माळेला २५० मिलिअँपिअरही पुष्कळ झाले असते, कारण ६ व्हीए भागिले २४. पण परत एक फेरी नको म्हणून मोठा घेतला. याचा त्रास पुढे झाला, येईलच.

घेतलेलं सामान: ट्रान्सफॉर्मर २४० रुपये, प्लास्टिकचा जाड डबा १३०, दोन फ्यूज होल्डर ३०, काचेचे फ्यूज २०, दोन पिनांची प्लगसकट वायर ७०, हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) आणि कनेक्टर पट्टी ४०.

जुन्या अडॅप्टरच्या युरोपियन पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसायच्या, कारण त्या बारीक असतात. इतकी वर्षं बाबा सॉकेटमध्ये प्लग थोडा तिरका करून ठेवायचे. आता आपल्याकडचीच जाड पिनांची वायर घेतली, तो खेळ संपला.

८ डिसेंबर, रविवार

आई मावशीबरोबर जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाला गेली आहे, त्यामुळे ओटीवर पसारा मांडायला मोकळीक होती.

ट्रान्सफॉर्मरच्या कुठल्या तारा कुठल्या, हे रंगावर सोडू नका, मीटरने मोजा. प्रायमरीत दीडशे-दोनशे ओहम दिसतात, सेकंडरीत दोन-तीन. उलटं जोडलं तर बारा-चोवीस व्होल्टच्या जागी काय बाहेर येईल त्याचा विचारही नको. सेकंडरीच्या तीन तारांपैकी दोन एकाच रंगाच्या, मधली वेगळी. मधल्या तारेचं टोक कापून नळीत बंद केलं आणि बाजूला वळवून बांधलं.

डब्याला खाली आणि वर पाच-पाच भोकं पाडली, हवा खेळावी म्हणून. वायर आत येते त्या भोकात रबराची रिंग, आणि आतून वायरला पक्की गाठ, म्हणजे कोणी ओढली तरी ताण सांध्यावर येणार नाही. पुण्याचा एक मित्र म्हणाला गाठीऐवजी केबल ग्लँड, म्हणजे वायर भोकात आवळून धरणारा तुकडा वापर. बरोबर आहे त्याचं, पुढच्या वेळी वापरीन, तो घ्यायचा राहून गेला होता.

प्रायमरीत १०० मिलिअँपिअरचा फ्यूज टाकला. हिशोबाने तेवढा पुरतो. पहिल्यांदा चालू केलं, ठीक. बंद करून परत चालू केलं, ठीक. तिसऱ्यांदा चालू करताच फ्यूज उडाला. मला वाटलं कुठेतरी शॉर्ट आहे. सगळं खोलून परत मोजलं, सगळे सांधे तपासले, दीड तास गेला. शॉर्ट कुठेच नव्हता. ट्रान्सफॉर्मर चालू होतानाच्या क्षणाला खूप जास्त करंट ओढतो. बटण लाटेच्या कुठल्या ठिकाणी दाबलं जातं त्यावर तो कमी-जास्त होतो, म्हणून दोनदा टिकला आणि तिसऱ्यांदा गेला. तिथे २५० मिलिअँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज लागतो. सेकंडरीत ५०० चा साधा. दोन्ही होते माझ्याकडे, टाकले. त्यानंतर वीस वेळा चालू-बंद केलं, उडाला नाही.

माळ अजून जोडली नव्हती. आधी नुसता व्होल्टेज मोजला: २८.१.

९ डिसेंबर, सोमवार

२८ व्होल्टवर माळ जोडायची की नाही, या विचारात रात्र गेली. आज सकाळी ऑफिसला जाण्याआधी सॉकेटमध्ये मोजलं, २४१ व्होल्ट. म्हणजे थोडी वाढ तिथली. बाकीची वाढ ट्रान्सफॉर्मर मोठा घेतल्यामुळे. लेबलवरचे २४ हे तो पूर्ण १ अँपिअर देत असताना मिळतात, कमी करंट घेतला तर व्होल्टेज वर राहतो. बाबांचा छोटा अडॅप्टर आणि माळ एकमेकांच्या मापाने बनवलेले होते.

संध्याकाळी दहा सेकंदांसाठी माळ जोडली. नऊ गट पेटले, झगझगीत, डोळ्यांत जाईल असे. मीटरवर २७.४. लगेच काढली. चार व्होल्ट जास्त म्हणजे फार नाही असं वाटतं, पण आठ एलईडी आपले २४ घेऊनच टाकतात. उरलेल्या थोड्या जागेतच सगळी वाढ जाते, आणि एलईडीतला करंट जवळजवळ दीडपट होतो. पहिल्या दिवशी छान दिसेल, दोन नाताळांत दिवे मरतील.

बारा-झिरो-बाराऐवजी नऊ-झिरो-नऊ घ्यावा का? त्याचे अठरा होतात, भाराशिवाय वीस-एकवीस. तेवढ्यात माळ मिणमिणेल. त्यापेक्षा सोपा उपाय, माळेच्या वाटेत एक रेझिस्टर.

११ डिसेंबर, बुधवार

परत लॅमिंग्टन रोड. पांढरे चौकोनी सिमेंटचे रेझिस्टर, ५ वॉटचे, १५ आणि २२ ओहमचे मिळून पाच घेतले, ३० रुपये. शिवाय पिवळसर पांढरे ५ मिलिमीटरचे दहा एलईडी २० रुपयांना, मेलेल्या गटासाठी.

१५ ओहम लावून माळेवर २५.१ व्होल्ट आले. २२ लावून २४.३. करंट ०.१५ अँपिअर. २२ च ठेवला. रेझिस्टर अर्ध्या वॉटच्या आसपास तापतो, ५ वॉटच्या अंगावर ते काहीच नाही, पण तरी डब्याच्या भिंतीला टेकू दिला नाही, मध्ये अधांतरी ठेवला.

माळ पेटली. हाच उजेड तो. गोठ्यात मरियेच्या निळ्या झग्यावर जो मऊ पिवळा पडायचा तोच. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवली. ती काही बोलली नाही, फोन मावशीकडे दिला.

१४ डिसेंबर, शनिवार

सातवा गट. आठ दिवे ओळीत असतात, एक तुटला की आठही जातात. कुठला तुटला ते शोधायला माझ्या मीटरचा डायोड मोड उपयोगाचा नाही, तो पांढरा एलईडी पेटवण्याइतका व्होल्टेजच देत नाही. म्हणून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिला एक १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि टोकाला दोन शिवणाच्या सुया बांधल्या. माळ सॉकेटमधून पूर्ण काढून, सुया प्रत्येक दिव्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरमध्ये टोचायच्या. दिवा पेटला तर चांगला. नाही पेटला तर सुया उलट करून एकदा बघायचं.

चार पेटले. पाचवा नाही. त्याचं प्लास्टिकचं टोपण ओढून काढलं तर आत हिरवा चुरा, तांब्याच्या तारेला चढतो तो. एलईडीचा एक पाय पूर्ण गंजून तुटला होता. आमचं घर किनाऱ्यापासून लांब नाही. खारी हवा कुठूनही शिरते, आणि याच टोपणाला बारीक चीर होती.

तार जिथपर्यंत काळी होती तिथपर्यंत कापली. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, दोनदा प्रयत्न केला, गोळी होऊन घरंगळतो. एक सेंटिमीटर आत चकचकीत तार लागली, तिथे लगेच धरला. नवीन एलईडीचा लांब पाय कुठल्या बाजूला ते शेजारच्या दिव्याशी जुळवून घेतलं. त्यावर नळी, नळीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक सिलिकॉन. सिलिकॉन घरात होतं, बेसिनचं उरलेलं. रात्रभर सुकू दिलं.

सुयांनी टोचलेली भोकंही सिलिकॉनने बंद करा. मी आधी विसरले होते. तिथूनच परत हिरवा चुरा सुरू होणार.

१५ डिसेंबर, रविवार

८० च्या ८० पेटले. नवीन दिवा जुन्यांपेक्षा जरा पांढरा आहे, बघितला की ओळखू येतो. सोळा वर्षांत जुन्यांचा रंगही बदलला असणारच. तो दिवा गोठ्याच्या छपरावर, ताऱ्याच्या खाली येईल अशी माळ फिरवून घेणार आहे.

खर्च: एकूण ९६० रुपये. त्यातले ३८० आरओच्या अडॅप्टरचे, जे मी लेबल वाचलं असतं तर वाचले असते. वेळ साधारण सोळा तास, प्रवास धरून. रेल्वेचा पास आहे, त्याचा खर्च धरला नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

गोठा लागला. गोठ्यात ठेवायची नाचणी आठवड्यापूर्वी पेरली होती, ती बोटभर वर आली आहे. पेंढा यंदाही आहे, त्याच्याशिवाय गोठा आम्हाला गोठा वाटत नाही. पण डबा पेंढ्यापासून चार हात लांब, ओटीच्या खांबाला खिळ्यावर टांगला आहे, जमिनीपासून उंच, छपराखाली. त्यासाठी कनेक्टरच्या अलीकडे तीन मीटर वायर वाढवली. वायर दिसते. दिसू दे.

संध्याकाळी सहा ते अकरा सलग चालू ठेवून दर तासाला डब्याला हात लावला. दोन तासांनी कोमट झाला, पुढे तेवढाच राहिला. ट्रान्सफॉर्मर मोठा घेतल्याचा हा मात्र फायदा, तो जेमतेम सहाव्या हिश्श्याने काम करतोय. हलकीशी घूं ऐकू येते, चार स्क्रू आवळल्यावर कमी झाली.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज तीन राजांचा सण, संध्याकाळी माळ उतरवली. पंधरा रात्री चालली, रोज पाच तास, २४ तारखेला पहाटेपर्यंत. फ्यूज एकदाही गेला नाही, सातवा गटही पेटत राहिला. एकदा पोरांनी खेळताना माळ ओढली, कनेक्टरची रिंग घट्ट होती, काही निघालं नाही.

ठेवताना माळ पुठ्ठ्यावर गुंडाळली, सगळी टोपणं तपासली, आणखी दोन चिरलेली सापडली, त्यांना सिलिकॉन लावलं. डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवला आहे: कुठली तार कुठे जाते, दोन्ही फ्यूजची मापं, रेझिस्टर २२ ओहम. बाहेरून जाड मार्करने लिहिलं आहे, २४ व्होल्ट एसी, आणि पुढे ती नागमोडी रेघ मोठी काढली आहे. उरलेले दोन फ्यूज आणि नऊ एलईडी छोट्या पिशवीत घालून डब्यालाच बांधले. आरओचा अडॅप्टर मात्र वेगळ्या खोक्यात ठेवला, माळेच्या जवळ नाही.